धड्यातला धनगर
धुतलेली घोंगडी उन्हात टाकली की तिचा ओलसर लोकरीचा वास मला थेट सोलापूरच्या मुलींच्या शाळेत नेऊन बसवतो. मी मंगळवेढ्याकडच्या धनगराची लेक, शिकायला मावशीकडे आलेली. चौथीत नापास झालीस तर परत मेंढरांमागं, असं वडिलांनी बजावलं होतं. परीक्षेला शाळा तपासणारे डेप्युटीसाहेब आले. टेबलावर त्यांची टोपी, भिंतीपलीकडे हातमागांची खडखड आणि माझ्या हातात घामानं ओलं झालेलं पुस्तक. मी एका धनगराचा धडा वाचला. साहेबांनी विचारलं, “धनगर गाव सोडून का गेला? चाऱ्यासाठी की पाण्यासाठी?” मी ताडकन म्हणाले, “चाऱ्यासाठी!” साहेबांची पेन्सिल कागदाकडे वळली, तशा आमच्या बाई पुढे झाल्या. “साहेब, जरा थांबता? का गं, चाराच का?” “मेंढरं चाऱ्यामागंच जात्यात की बाई. आमी दरसाल जातो.” बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, “तुझ्या घरचं खरंच आहे. पण ह्या धनगराचं काय झालं, ते त्यालाच सांगू दे. बोट ठेवून परत वाच.” मी वाचलं. विहीर आटली होती, वाळलं गवत मात्र माळभर उभं होतं. “पाण्यासाठी,” मी पुटपुटले, आणि बाईंच्या कृपेनं पास झाले. परवा नवी सून चुलीपाशी रडत होती. माहेरची आठवण येत असणार, म्हणून समजूत घालायला मी तोंड उघडलं आणि बाई आठवल्या. मग तिच्याजवळ बसले आणि आधी तिलाच विचारलं, “काय झालं गं?”