मामाजींनी सिपना पाहिली

आमचे मामाजी, म्हणजे माझे सासरे, परतवाडा-धारणी रस्त्यावर उभी हयात लाल बस चालवून रिटायर झाले. सिपना नदी त्याच रस्त्याच्या कडेकडेने वाहते, पण ती त्यांनी कधी धड पाहिलीच नव्हती. प्रवासी खिडकीतून अहाहा करायचे आणि ह्यांची नजर समोर. नदी एकदा पोटभर पाहायची, एवढीच बिचाऱ्यांची इच्छा उरली होती. मी म्हटलं, चला, मोटरसायकलवर नेतो.

सेमाडोह मागे पडलं आणि नदी सोबतीला आली. पलीकडे सागाला पांढरा फुलोरा, खाली काळ्या दगडांतून खळाळणारं पाणी. मी म्हटलं, पाहा. हे कशाला पाहतात! हे मागे बसून रस्ताच पाहत होते. दर वळणाला त्यांचा उजवा पाय तिथे नसलेला ब्रेक दाबायचा आणि तो नेमका माझ्या पोटरीवर बसायचा.

आता, आमच्या वऱ्हाडात जावयाला तोंडावर बोलायची पद्धत नाही. जावई कितीही भिकार गाडी चालवो, तो देवच. म्हणून मामाजी माझ्या गाडीलाच रागवायला लागले.

"काऊन बे, वळण दिसत नाई तुले?"

सासऱ्याला उलट बोलायची मलाही सोय नव्हती. मग मीही गाडीलाच दम दिला, की तू चूप राह्य, मागचे पाहुणे नदी पाहायला आले आहेत. अशी दोघांनी मिळून त्या गरीब गाडीची बिनपाण्याने केली.

शेवटी माझं डोकं सटकलं. गाडी थांबवली आणि मामाजींना उलटं बसवलं, माझ्या पाठीला पाठ लावून. रस्ता दिसलाच नाही तर नदीच पाहतील ना! बैलगाडीच्या चालीने निघालो. वाटेत बकऱ्या चारणारी एक बाई आम्हाला पाहून हसता हसता खालीच बसली.

आणि घ्या! उलटं बसल्यावर मामाजींचा कंडक्टर झाला. मागून जीप आली की माझ्या कुशीत एक कोपर, म्हणजे थांब. जीप गेली की दोन, म्हणजे चाल. नदीकडे ढुंकूनही पाहणं नाही. हसू येत होतं, पण खरं सांगतो, वाईटही वाटत होतं. एवढं आलो आणि माणूस अजून ड्युटीवरच.

पुढे पूल लागला. तिथे गाडी बंद केली, किल्ली खिशात घातली आणि त्यांना कठड्याशी नेऊन उभं केलं. आता चालवायला काही नव्हतं, थांबवायलाही नव्हतं. मामाजी खाली वाकले ते वाकलेच. तसेच वाकून म्हणाले, "जवाईबापू, एवढी जवळून जाये काय हे नदी?"

तेवढ्यात मागून धारणीची लाल बस आली. ड्रायव्हरने त्यांना ओळखून लांबलचक हॉर्न दिला. मी मनात म्हटलं, झालं, आता हे वळले.

ते वळले नाहीत. पाण्यावरची नजर न काढता त्यांनी नुसता हात वर केला.

"जाऊ द्या त्याले," ते म्हणाले. "थो ड्युटीवर हाय."