जेवला का?

सोलापुरात समुद्र नाही, पण बोटीवरून सुट्टीला आलेले आम्ही तिघे मोडनिंबच्या टपरीवर बसलो की समुद्री चोरांचे किस्से संपायचे नाहीत. मी फिटर, केम गावचा तानाजी डेकवरचा खलाशी, सोलापूर शहरातला गफूर कुक. चोरांचा धंदा पाण्यागणिक वेगळा. कुठे अख्खं जहाज पळवतात, कुठे नुसतं सामान, कुठे माणसं. एक भाग शांत झाला की दुसरीकडे सुरू! किस्से साठणारच की.

सोमालियाजवळून जाताना पहारेकरी जास्त दिसावेत म्हणून बॉयलर सूटमध्ये चिंध्या भरून बाहुले उभे करतात. ते काम तानाजीकडे आलं. गडी मेंढपाळाच्या घरचा, ज्वारीत बुजगावणी करून हात बसलेला. त्यानं दोन्ही हात फाकवून झकास बाहुला उभा केला.

चीफ ऑफिसर मराठी होते. म्हणाले, "तानाजी, हा पहारा देतोय की शरण जातोय?"

"साहेब, पाखरं तर लई भेत्यात."

सिंगापूरच्या सामुद्रधुनीत चोर बांबूला आकडा लावून चढतात आणि इंजिनाचे सुटे भाग नेतात. आमच्याकडे मात्र ते गफूरच्या किचनमध्ये शिरले. गफूरला चोरीचं दुःख नव्हतंच.

"कुकर ले गए, ढक्कन छोड के गए. अब वो बी भूके, हम बी भूके."

पुढचं सांगताना मला हसू येत नाही. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ ते दोघं एका बोटीवर होते, मी घरी होतो. चोर चढले की सगळ्यांनी इंजिनरूमजवळच्या पोलादी खोलीत शिरायचं आणि दार आतून लावायचं, हा नियम. तानाजी दारापर्यंत पोचला होता. गफूर दुखऱ्या गुडघ्यामुळे मागं राहिलेला दिसला, तसा तो परत फिरला. दार नियमाप्रमाणे लागलं. हे दोघं बाहेर राहिले आणि चोरांनी त्यांना किनाऱ्यावरच्या जंगलात नेलं.

कंपनीनं तानाजीच्या आईला बजावलं, बाहेर बोलू नका. मग काकू गावात सांगायच्या, काँट्रॅक्ट वाढलंय. शेजारणी म्हणायच्या, "साहेबाला लई आवडला वाटतं तानाजी." काकू "व्हय" म्हणायच्या आणि घरात येऊन रडायच्या.

गफूर सुटून आला, एकटाच. तानाजी तिथंच तापानं गेला. आता टपरीवर गफूर गुडघा चोळत बसतो. मी म्हणतो, तुझी चूक नाही. तो म्हणतो, "मालूम है रे. फिर बी." मला तानाजीची फार आठवण येते.

एक किस्सा मात्र गफूर स्वतःहून सांगतो. चोर खंडणीसाठी घरच्यांना घाबरवायला फोन लावून देतात. तानाजीच्या अंगात ताप होता. त्यांच्यातल्या एका पोरगेल्या बंदूकवाल्यानं केमला फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि इंग्रजीत ओरडायला लागला. तो कोण आहे हे काकूंना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी त्याला ओरडू दिलं. आमच्याकडं फोनवर कुणीही असलं तरी आधी जे विचारतात, तेच त्यांनी विचारलं.

"जेवला का, बाळा?"

पोरानं तानाजीच्या छातीला बंदूक लावली. विचारलं, काय म्हणते ती?

तानाजीनं सांगितलं, "तू जेवलास का, असं तुला विचारतीय."

पोरगा फोन तोंडाजवळ नेऊन हळूच म्हणाला, "नो, मदर. नॉट येट."