चर्चमधली मामाची जागा

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

आम्ही मूळचे सुलतान बाजारातले, आता नारायणगुड्यात राहतो. माझी बहीण लवकर गेली. तिची रेवा आमच्याच घरी वाढली म्हटलं तरी चालेल. रेवानं जोसेफशी लग्न ठरवलं, तेव्हा तिच्या वडिलांनी दार लावून घेतलं. मी नाही लावलं — आणि त्याचा मला केवढा अभिमान होता! लग्न सिकंदराबादच्या जुन्या अँग्लिकन कॅथेड्रलमध्ये होतं. तिथे मुलीला तिचे वडील हाताला धरून वेदीपर्यंत नेतात. रेवा म्हणाली, "आपल्यात मामाच मुलीला बोहल्यावर आणतो ना? मग इथंही तूच आण. टेन्शन नक्को घेऊ मामा, नुसतं चालायचंय."

मी हो म्हटलं. डोळ्यांत पाणी आलं. ते पाणी खरं होतं — निदान तेवढं तरी.

जागा आधी पाहून ठेवावी म्हणून लग्नाच्या आधीच्या रविवारी मी एकटाच गेलो. प्रार्थना आटोपली की तिथे लोकांना चर्च हिंडून दाखवतात. मी त्या घोळक्यात शिरलो. माहिती सांगणाऱ्या बाई मोठ्या हौशी. सागवानी छत, रंगीत काचांच्या खिडक्या, पटकीनं गेलेल्या तरण्याताठ्या गोऱ्या शिपायांच्या नावांच्या संगमरवरी पाट्या — सगळं मन लावून सांगत होत्या. मग बाकांमधल्या वाटेशी थांबल्या. डावीकडची बाकं मुलीकडच्यांची, उजवीकडची मुलाकडच्यांची. मुलीला आणणाऱ्यानं कुठे थांबायचं, असं मी हळूच विचारलं. त्या हसल्या. "बेटी की शादी है क्या, अंकल? चलके देखो ना."

आणि मी चाललो. कोपर जरासं बाहेर काढून, जणू रेवाचा हात त्यात आहे. म्हातारपणी असं लाजायला होईल, असं वाटलं नव्हतं. छान वाटत होतं हो. खोटं कशाला बोलू?

तेवढ्यात मागून आवाज आला, "काय हो, इकडं कुठं?" आमच्या गणेशोत्सव मंडळातले देशपांडे. गावाहून आलेल्या पाहुण्यांना चर्च दाखवायला आले होते. डोळे मिचकावत म्हणाले, "म्हटलं, भाचीला बाटवतायत ती जागा बघायला आलात की काय!"

मी काय केलं असेल? हसलो. नुसता हसलो असतो तरी एक वेळ चाललं असतं — पण मी म्हणालो, "छे हो! त्या पोरीचा नि आमचा आता काय संबंध?" कोपर केव्हाच खाली आलं होतं. त्या बाईंना मराठी कळत नसावं. पण त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि घोळका घेऊन त्या पुढच्या खिडकीकडे वळल्या.

माझ्या मुलीला तेव्हा स्थळं येत होती. पण तिचं नाव यात कशाला ओढू? भ्यालो मी.

लग्नाच्या सकाळी नवा कोट घातला. बटणंही लावली. मग पलंगावर बसलो आणि छातीत दुखतंय म्हणालो. डॉक्टर नको, पडलो की बरं वाटेल, असंही म्हणालो. बायको घाबरली, रेवाला फोन केला आणि उशाशी बसून राहिली. म्हणजे माझ्यामुळे तीही गेली नाही. डावीकडच्या बाकांवर कोण बसलं असेल? मी कधी विचारलं नाही. माझ्या छातीची चौकशी मात्र रेवा आजही करते.

दुपारी ती थेट चर्चमधून आमच्याकडे आली. लग्नाचं जेवण सोडून. अंगावर पांढरी साडी, डोक्यावरची जाळी तशीच. जोसेफ दाराशी बूट काढत होता. ती पलंगावर टेकली, माझा हात हातात घेतला.

"सासरे म्हणत होते, मी आणतो तुला," ती म्हणाली. "मी म्हटलं, नक्को. ती जागा मामाची. एकटीच चालत गेले बघ."

मी डोळे मिटून पडून राहिलो. मला काहीही झालेलं नव्हतं.