अक्काचा खो

माझी अक्का माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. नव्वदच्या दशकात आम्ही धारवाडला केलगेरीत राहायचो. घरात मराठी, दाराबाहेर पडलं की कन्नड. अक्का मात्र दोन्ही भाषांत गप्प. उत्तर येत असूनही वर्गात उभी राहायची नाही.

ती आठवीत असताना खेळाच्या बाईंनी तिला धावताना पाहिलं आणि खो-खोच्या संघात घेतलं. वेग असा, की खांबाला वळसा घालताना तिचे पाय जमिनीला टेकतात की नाही, कळायचं नाही. अडचण एकच. बसलेल्या मुलीला मागून हात लावून मोठ्याने ‘खो’ म्हणावं लागतं, आणि अक्काचा खो पंचांना ऐकूच जायचा नाही. फाऊल व्हायचा.

बाई चिडल्या नाहीत. “जोराग ओदरवा! ओरडायला कसली लाज?” एवढंच म्हणायच्या.

मग अक्का रोज संध्याकाळी मला तळ्याच्या बांधावर न्यायची. ती एका टोकाला, मी दुसऱ्या. ऐकू आलं तर मी हात वर करायचा. कित्येक दिवस माझा हात खालीच राहिला. म्हशी धुणारी माणसं हसायची, अक्का लाल व्हायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मला हाक मारायची. एका संध्याकाळी तिचा खो असा आला, की म्हशींनीही माना वळवल्या.

हुबळीच्या सामन्यात त्यांचा संघ थोडक्यात हरला. पण धापा टाकत, मुलींना नावानिशी हाका मारून सावरणारी अक्का मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

दहावीला अप्पांनी जेवताना फर्मान काढलं, “आता खेळ पुरे.”

अक्काने घास खाली ठेवला. “अप्पा, पहाटे उठून अभ्यास करीन. मार्क कमी पडले तर मीच सोडीन. पण आत्ता नाही सोडणार.”

कोर्टात दिवसभर वाद घालणारे आमचे अप्पा हातातली वाटी खाली ठेवून आईकडे वळले. म्हणाले, “ही कधीपासून बोलायला लागली गं?”

मार्क कमी पडले नाहीत. अक्का पुढे विद्यापीठाकडून खेळली आणि लग्नानंतर धारवाडजवळच्या रायापूरला एका शाळेत खेळ शिकवू लागली. वकिली सोडल्यावर अप्पा सामने बघायला जायचे, मुलींसाठी पिशवीभर शेंगदाण्याची चिक्की घेऊन. खो-खोचे नियम त्यांना कधीच नीट समजले नाहीत, तरी पंचांशी हुज्जत घालायचे. अक्का मैदानातूनच त्यांना दटावायची आणि ते मुकाट खाली बसायचे.