चर्चामंचावरचं गाऱ्हाणं

प्रकल्पाच्या माहितीपत्रकावर एक मुलगी नारळाच्या झाडाखाली मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेली होती. खाली लिहिलं होतं, 'कुठेही शिका, केव्हाही शिका.' नारळाच्या झाडाखाली बसू नये हे आमच्याकडे शाळेत न गेलेल्या पोरालाही कळतं. पण ते पत्रक शहरात छापलं होतं आणि छापणाऱ्यांच्या डोक्यावर कधी नारळ पडलेला नव्हता. पुढच्या वर्षभरात मला बऱ्याचदा वाटलं, की एखादा पडायला हवा होता.

हे दोन हजार सहा-सात सालचं. एका मोठ्या विद्यापीठाने नोकरी करणाऱ्यांसाठी इंटरनेटवरून पदविका द्यायची आणि त्याच वेळी त्या शिकण्यावर संशोधनही करायचं, असा प्रकल्प हाती घेतला होता. जिल्ह्यातली एक सहकारी बँक आपले कर्मचारी द्यायला तयार झाली. कणकवलीच्या एका कॉलेजात खोली मिळाली आणि त्या खोलीत केंद्र सहायक म्हणून मला नेमलं.

मी आरोंद्याचा. आमच्या घरात माझ्याआधी कोणी पदवीपर्यंत पोचलं नव्हतं. बाबा खाडीत मासे मारत. त्यांनी माझ्या नेमणुकीची बातमी वाडीत सांगितली ती अशी: "माझो झील आता युनिवर्सिटीत कामाक आसा." मीही ते तसंच मनावर घेतलं होतं. गावच्या शाळेतल्या मास्तरांनी माझ्या निबंधाच्या वहीत समासात लिहिलेले शेरे मला आजही पाठ आहेत. एकाने लिहायचं, दुसऱ्याने ते नीट वाचायचं आणि उत्तर द्यायचं, एवढीच माझी शिक्षणाची कल्पना होती. इंटरनेटमुळे हेच आता घराघरांत होणार असं मला खरंच वाटत होतं.

प्रत्यक्षात 'कुठेही' म्हणजे आमची खोली आणि 'केव्हाही' म्हणजे रविवार. बँकेच्या शाखांत इंटरनेट नव्हतं, घरी कोणाच्या संगणक नव्हता. त्यामुळे देवगड, वैभववाडी, कुडाळ अशा ठिकाणांहून ही माणसं सुट्टीच्या दिवशी एसटीने कणकवलीला यायची आणि माझ्यासमोर बसून दूरशिक्षण घ्यायची. पान उघडायला इतका वेळ लागायचा, की एक जण म्हणाला, "सर, ह्या उघडासर मी कोलंबी सोलून घेतंय."

अभ्यासक्रमाचा कळस म्हणजे चर्चामंच. दर आठवड्याला शहरातून एक प्रश्न यायचा, त्यावर सगळ्यांनी मंचावर लिहायचं, एकमेकांना उत्तरं द्यायची. प्रकल्पप्रमुख डॉक्टरांचा सगळा जीव या मंचात होता. औषधाचे नव्हे, शिक्षणशास्त्राचे डॉक्टर. ज्ञान वरून खाली येत नाही, ते सहभागातून निर्माण होतं, असं ते पहिल्या दिवशी येऊन सांगून गेले होते. वरून खाली सांगून गेले.

पहिला प्रश्न आला: 'ग्राहकसेवा म्हणजे काय?' सगळे पडद्याकडे बघत बसले. कोणी बोट हलवीना. कारण वर्गात बँकेचे एक ज्येष्ठ शाखाधिकारीही शिकायला होते. सगळे त्यांना काका म्हणत. बाकीच्यांपैकी निम्म्यांचे गोपनीय अहवाल त्यांच्या हातून जात. काकांच्या आधी लिहायचं कसं? काकांनी चष्मा पुसला, एकेक अक्षर शोधत टंकलं, 'ग्राहक हा राजा आहे.' मग भराभर बाकीच्यांची उत्तरं पडली. सहमत. सहमत. वरीलप्रमाणे. काकांशी पूर्णपणे सहमत.

आमच्याकडे देवाला गाऱ्हाणं घालतात तेव्हा एक जाणता माणूस बोलतो आणि जमलेले सगळे प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणतात. देवळात ते शोभतं. विद्यापीठाच्या मंचावर रविवारमागून रविवार तेच चाललं होतं, आणि कोणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. काका तर खूश होते. "पोरांका वळण आसा," असं मला म्हणाले.

त्यांच्याहून खूश डॉक्टर होते. शहरात बसून त्यांना वाक्यं दिसत नव्हती, फक्त आकडे दिसत होते. कोणी किती वेळा लिहिलं, किती जणांना उत्तर दिलं. संगणक ते मोजायचा आणि त्यावरच सहभागाचे गुण पडायचे. या गुणांत नापास तो पदविकेत नापास. आमचा जिल्हा त्यांच्या आलेखात सर्वांत उंच गेला होता. त्यांनी फोन करून माझं अभिनंदन केलं. मी म्हटलं, "सर, एकदा वाचून बघता का?" ते म्हणाले, "वाचन हा गुणात्मक भाग झाला. तो दुसऱ्या टप्प्यात आहे."

एकच जण या गाऱ्हाण्यात नव्हती. देवगड शाखेतली कारकून, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी. मी तिला वैनी म्हणायचो. ती मला लोकांसमोर 'सर' आणि एरवी 'रे' म्हणायची. नवरा मुंबईला नोकरीला, घरात दृष्टी गेलेले सासरे आणि दहावीतली मुलगी. बँकेने जाहीर केलं होतं, की पदविका मिळवतील ते आपल्याच शाखेत अधिकारी होतील आणि जे मिळवणार नाहीत त्यांना जिथे माणसं कमी आहेत तिथे पाठवलं जाईल. तिच्यासाठी ती जागा फोंडाघाट होती. देवगड कुठे आणि फोंडा कुठे. रोज जाऊन-येऊन घर चालणार नव्हतं, हे सांगायला कोणी तज्ज्ञ नको होता. तिला देवगडातच राहायचं होतं. त्यासाठी ती रविवारी पहिली गाडी पकडून यायची आणि सगळे धडे खरोखर वाचायची.

तिने मंचावर एकदाच लिहिलं, पण लांब लिहिलं. मासे विकणारी एक बाई मेलेल्या नवऱ्याच्या खात्याची चौकशी करायला शाखेत यायची. खात्याला वारस म्हणून नाव होतं दिराचं, बाईला ते ठाऊक नव्हतं, आणि प्रत्येक वेळी दीर तिच्यासोबत येऊन दारात उभा राहायचा. वैनीने ते सांगून शेवटी विचारलं होतं: 'मी तिला हे कसं सांगावं? त्याच्यासमोर, की एकटीला? तिचा कायद्याने हक्क आहे का? कृपया मार्गदर्शन करावे.'

वर्षभरात शिकणाऱ्यांपैकी कोणी त्या मंचावर विचारलेला तो एकमेव प्रश्न. मी शहरातल्या मार्गदर्शकांना दोनदा कळवलं. मंचावर कोणीच काही लिहिलं नाही. काका गप्प, म्हणून सगळे गप्प. चहाच्या वेळी काका एवढंच म्हणाले, "तू गो कित्याक नको थय हात घालतंस? असल्या गजाली लिवच्या नसतत."

पुढच्या रविवारी वैनी आली ती उतरलेल्या तोंडाने. दिराने कंटाळून स्वतःच काउंटरवर सांगून टाकलं होतं, रांगेतल्या सगळ्यांसमोर. ती बाई बाकावर बसून राहिली, शाखा बंद होईपर्यंत. वैनी मला म्हणाली, "कोणी दोन ओळी लिवल्या आसत्या तर मी तिका आदीच बाजूक घेतलंय नसतंय काय रे?" तिने त्यानंतर मंच उघडणं सोडलं.

मग तिला विद्यापीठाकडून एक पत्र आलं. संगणकच ते पाठवायचा, जो गप्प बसेल त्याला आपोआप. पत्रात एक हसरा चेहरा होता आणि लिहिलं होतं, 'प्रिय शिक्षणार्थी, आम्हाला तुमची आठवण येते!' वैनीने ते सगळ्या खोलीला वाचून दाखवलं. "शिरा पडो तेंच्या तोंडार! माझ्या घोवान कधी असा लिवल्यान नाय."

पाहणीसाठी डॉक्टर आले तेव्हा मी हा विषय काढला. आम्ही जेवायला बसलो होतो. त्यांना सुरमईपेक्षा सोलकढीचं कौतुक जास्त होतं. तिच्यात नक्की काय असतं हे त्यांनी खानावळवालीला तीन प्रकारे विचारलं. इतक्या आस्थेने त्यांनी प्रकल्पात कोणाला काही विचारलेलं मी पाहिलं नाही.

"एक विद्यार्थिनी आहे," मी म्हटलं. "सगळे धडे वाचलेत, परीक्षेत वरती आहे, पण सहभागात नापास होईल."

"का? टायपिंग येत नाही?"

"येतं. तिने प्रश्न विचारला, उत्तर कोणी दिलं नाही."

"एक पोस्ट?" ते म्हणाले. "एका पोस्टला एंगेजमेंट म्हणता येत नाही."

"पण सर, बाकीचे नुसतं सहमत लिहितात."

"सहमती हाही संवादच आहे." त्यांनी वाटीतली कढी संपवली. "आणि हे बघा, मोजपट्टी मध्येच बदलली तर डेटा खराब होतो."

माणूस खराब झाला तर चालेल, हे त्यांनी उच्चारलं नाही, कारण त्यांच्या ते मनातही आलं नव्हतं. दुष्ट माणसाशी भांडता येतं. यांच्यासमोर मी फक्त ताटातले काटे बाजूला करत राहिलो.

वैनीला मी जसं घडलं तसं सांगितलं. तिने पदर खोचला, खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाली, "दाखव माका, खंय खंय 'सहमत' लिवचा ता."

त्या दिवशी तिने पहिल्या आठवड्यापासूनचा मंच उकरून काढला. काकांच्या प्रत्येक वाक्याला सहमत. काकांना सहमत म्हणणाऱ्या प्रत्येकाला सहमत. 'रविवारी सर्व्हर बंद राहील' या सूचनेला सहमत. बाकीचे तिच्या खुर्चीमागे जमून हसत होते आणि काका म्हणत होते, "आता इलंस वळणार!" एकदा तिने मान वळवून मला हळूच विचारलं, "पुरे रे, की अजून होयेत?" मी पडद्यावरचा आकडा बघून म्हटलं, अजून हवेत. शिकवण्याच्या नावाखाली मी केलेलं ते सगळ्यात उपयोगी काम.

ती पास झाली. बँकेने देवगडच्या जागेचा तिचा आदेशही काढला, फक्त तो समारोपाला हातात द्यायचा होता.

समारोपाला डॉक्टरांनी पडद्यावर आलेख दाखवला. बराच काळ जमिनीला लागून चाललेली एक रेघ शेवटी ताडासारखी वर गेली होती. ती वैनीची. नाव झाकलं होतं, पण खोलीतल्या सगळ्यांनी ओळखलं. 'मौन शिक्षणार्थी सक्रिय कशी झाली' यावर ते पुष्कळ बोलले. हा बदल प्रेरणादायी संदेशाने झाला, असा त्यांचा निष्कर्ष होता. हसऱ्या चेहऱ्याने. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. काकांनी वाजवल्या, म्हणून आमच्या लोकांनीही वाजवल्या.

नंतर डॉक्टर एक टाइप केलेला कागद घेऊन वैनीकडे आले. पुढच्या माहितीपत्रकासाठी तिचं मनोगत. ते त्यांनी स्वतःच लिहून आणलं होतं: ग्रामीण स्त्री, आत्मविश्वास, ज्ञानाची कवाडं. तिने न वाचता पेन मागितलं.

"वैनी, आधी वाच तरी," मी म्हटलं. आवाज जरा चढला असावा, कारण डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. तिने सही केली, कागद परत दिला, बँकेच्या साहेबांकडून आदेश घेतला, तो मात्र दोनदा वाचला आणि पिशवीत घातला.

एसटी स्टँडपर्यंत मी तिच्यासोबत गेलो. तिला बोललोही. आपण शिकलेली माणसं, न वाचता सही करायची म्हणजे काय, असं बरंच काही.

"तुका इतको राग कित्याक येता?" ती म्हणाली. "चेडवाची दहावी आसा. म्हातारो माझ्या पावलांच्या आवाजार घरात फिरता. सही काय, मी अंगठोसुद्धा देवक तयार होतंय."

देवगडची गाडी लागली होती. ती खिडकीची जागा धरायला माणसांतून वाट काढत पुढे गेली.