सुतकातली आंबापोळी

अंगणात ताटांवर आमरस वाळत असला की त्याचा आंबटगोड वास ओटीपर्यंत येतो, आणि त्याच्याबरोबर सासूबाईंचा आवाजही.

लग्नानंतर मी घरीच आंबापोळी करून पालीच्या दुकानात द्यायला लागले होते. धाकटा कडेवर, चुलीवर भात, आणि मध्येच उन्हात जाऊन ताटांवर रसाचा नवा थर. त्या वर्षी पोळ्या ताटाच्या कडा सोडायला लागल्या आणि मुंबईहून फोन आला, भाऊकीतले कुणी काका गेले. मी त्यांना कधी पाहिलंही नव्हतं.

सासूबाई ओटीवरूनच म्हणाल्या, "सुतकातलं कोण खाणार गो? खरवड नि गुरांना घाल."

"विकायचंय ते," मी म्हटलं.

"लोकांच्या तोंडी विटाळ घालतेस?"

मी उलथन्याने ताटं खरवडत बसले. गाय चवीने खात होती. तेवढ्यात फाटकाशी टेम्पो लागला. मामंजी आणि हे बागेतल्या हापूसच्या पेट्या त्यात चढवू लागले.

"ह्यांना नाही का सुतक?" मी विचारलं.

सासूबाई हसल्या. "तो धंदा आहे गो."

परवा महिला मंडळात कुणीतरी विचारलं, घर सांभाळून इतकी वर्षं उमेद कशी टिकवलीत? मी म्हटलं, देवाची कृपा.

सासूबाई गेल्या तेव्हाही भर वैशाख होता. खांदेकऱ्यांना अंगणातून वाट काढत जावं लागलं. मी एकही ताट उचललं नव्हतं.