शिरपामाळची शिदोरी

झालं गेलं विसरून जावं, असं सांगणारी माणसं मला आवडत नाहीत. त्यांच्या मावशीचे हात अ‍ॅसिडात गेलेले नसतात. माझ्या मावशीचे गेले. आई वारल्यावर तिनेच मला वाढवलं, आणि तिच्याच ओळखीने मी जव्हारजवळच्या बटनांच्या कारखान्यात लागले.

कारखाना म्हणजे पत्र्याची शेड. परदेशातल्या एका कंपनीच्या कपड्यांना लागणारी पितळी बटनं तिथे अ‍ॅसिडात धुऊन चकचकीत करायची. मी पॅकिंगला, मावशी धुण्याला. घाण पाणी मागच्या ओहोळात सोडलेलं. तिथले खेकडे केव्हाच संपले होते. हातमोजे होते, पण कपाटात, कुलपात. कंपनीची तपासणी आली की बाहेर यायचे, गाडी वळली की परत आत. मावशीच्या बोटांची सालं निघाली, भेगा पडल्या, पुढे मूठही मिटेना. शेठ म्हणाला, "ही तपासणी आटपली की तू घरीच बस."

तपासणीआधी तो आम्हाला रोज उभं करून उत्तरं पाठ करून घ्यायचा. 'आम्हाला काही त्रास नाही. शेठ आम्हाला घरच्यासारखं वागवतात.' माझे हात धड आणि बोलणं शाळेत शिकलेल्या मराठीतलं, म्हणून मला पुढे ठेवलं. ज्यांचे हात दाखवण्यासारखे नव्हते, त्यांना त्या दिवशी जीपमध्ये कोंबून जवळच्या शिरपामाळला सहलीला धाडायचं ठरलं. मावशी हरखली. जन्मात कुणी तिला सहलीला नेलं नव्हतं. तिचा तो आनंद बघून मला शेठचा जो राग आला, तो अजून उतरलेला नाही.

तपासणीला मुंबईहून एक बाई आल्या. मी पाठ केलेलं घडाघडा म्हणून दाखवलं. शेठ खूश. चहा पिताना बाईंनी विचारलं, "जवळपास बघण्यासारखं काय आहे?" शेठ दाभोशाच्या धबधब्याचं नाव घेत होता, तोच मी म्हटलं, "शिरपामाळ बघा ना. महाराजांचा मुक्काम होता तिथे." शेठचा चेहरा उतरला. पण महाराजांच्या जागेला नको कसं म्हणणार? चहाचा थर्मास घेऊन मीही गाडीत बसले. वाटभर त्याची चुळबुळ चालली होती आणि मला आतून उकळ्या फुटत होत्या.

माळावर बायका नुकत्याच जेवायला बसल्या होत्या. आमच्याकडे शिदोरी सोडल्यावर समोर कुणी आलं, तर त्याला घास दिल्याशिवाय स्वतः खात नाहीत. मी त्यांना काही सांगितलेलं नव्हतं. सांगितलं असतं तर भिऊन झाडांमागे गेल्या असत्या. मावशी उठली आणि दोन्ही तळव्यांवर भाकरी धरून बाईंसमोर उभी राहिली.

"जेवाला ये बाय. नागलीची हाय, घे."

बाईंनी हात पुढे केला आणि तो तसाच राहिला. भाकरीकडे त्या बघतच नव्हत्या. शेठ घाईने म्हणाला, "चला मॅडम, ह्या कुठल्या तरी गावच्या मजूर बायका आहेत."

मावशीला वाटलं, शेठने ओळखलं नाही. ती हसून म्हणाली, "शेठ, मी नाय का, बटना धुवाची! तू पन घे एक घास."

मग बाईंनी एकेकीचे हात बघितले. शेठला घाम फुटला होता. मी त्याला चहा ओतून दिला, अगदी अदबीने.

कंपनीने माल घेणं थांबवलं. कारखाना बंद राहिला तेव्हा आम्हीही घरी बसलो, आणि पाड्यातल्या बायकांनी मला शिव्या घातल्या. त्या मी ऐकून घेतल्या. पुन्हा सुरू झाला तो कंपनीच्या अटींवर, ओहोळाकडचा पाइप बंद करून, मोजे कपाटाबाहेर ठेवून. मावशीला पॅकिंगला घ्यावं लागलं, औषधपाणी शेठच्या खिशातून. मूठ मात्र आजही मिटत नाही. भाकरी मी थापते.

सुरू झाल्यावर शेठने मला दारात गाठलं. "तुला सगळं ठाऊक होतं. मुद्दाम नेलंस ना तिथे? काय वाकडं केलं होतं मी तुझं?"

मी ताठ उभी राहिले, त्याने शिकवलं होतं तशी.

"आम्हाला काही त्रास नाही," मी म्हटलं. "शेठ आम्हाला घरच्यासारखं वागवतात."